बबल सीपॅप : तालुक्याच्या बालविभागासाठी घ्यावा का?

बबल सीपॅप म्हणजे श्वासाचा त्रास असलेल्या बाळाला नाकावाटे सतत हलक्या दाबानं ऑक्सिजन देणारा सेट. तो घ्यावा. फक्त ऑर्डर देण्याआधी रात्रपाळीला सिस्टर किती असतात ते बघा.

रचना साधी आहे. ऑक्सिजन फ्लो मीटरमधून (प्रवाह मोजणारं उपकरण) ह्युमिडिफायरमध्ये (तो ओलसर आणि गरम करणारं भांडं), तिथून बाळाच्या नाकातल्या आखूड प्रॉन्ग्जमध्ये (नाकपुड्यांत बसणाऱ्या नळ्या) जातो आणि परतीची नळी पाण्याच्या बाटलीत सोडलेली असते. नळीचं टोक ५ सेंटीमीटर बुडवलं की तेवढ्या उंचीच्या पाण्याइतका दाब फुप्फुसांना मिळतो, हवेच्या पिशव्या मिटत नाहीत. वीज लागते ती पाणी गरम ठेवायला.

बुडबुडे थांबले की बरेचजण आधी फ्लो वाढवतात. ते चूक. बाळाचं तोंड उघडं आहे का, प्रॉन्ग्ज लहान पडल्यात का, ह्युमिडिफायरचं झाकण सैल आहे का, हे आधी पाहायचं, कारण हवा तिथून गळते. आणि बुडबुडे छान येत असले तरी नाक शेंबडानं तुंबलेलं असू शकतं, म्हणून छाती आत ओढली जातेय का ते बघावंच लागतं. परतीच्या नळीत पाणी साचलं तर दाब नकळत वाढतो. पोट फुगू नये म्हणून तोंडातून रायल्स ट्यूब (पोटापर्यंत जाणारी नळी) घालून उघडी ठेवायची. प्रॉन्ग्ज आणि नाकाच्या मधल्या पडद्यात २ मिलिमीटर फट हवी. ती राहिली नाही तर पडद्याला जखम होते, आणि ती भरून यायला फार त्रास होतो.

ऑक्सिजनचा हिशेब आधीच करा. जंबो सिलिंडरमध्ये सुमारे ७,००० लिटर असतो. मिनिटाला ८ लिटरनं तो साडेचौदा तास पुरतो. दोन बाळं असतील तर सव्वासात. मिनिटाला ५ लिटर देणाऱ्या कॉन्सन्ट्रेटरवर (हवेतून ऑक्सिजन वेगळा करणारं यंत्र) याचा भरवसा ठेवू नका. अपुऱ्या दिवसांच्या बाळांसाठी ऑक्सिजनमध्ये हवा मिसळणारा ब्लेंडर हवाच, नाहीतर जादा ऑक्सिजननं डोळ्यांचा पडदा बिघडतो.

आता सिस्टरांचा मुद्दा. ढाक्याच्या रुग्णालयात शाम्पूच्या बाटलीपासून बनवलेल्या सीपॅपवर तीव्र न्यूमोनियाची ४ टक्के मुलं दगावली, साध्या ऑक्सिजनवर १५ टक्के. तिथे डॉक्टर आणि अतिदक्षता विभाग हाताशी होता. मलावीतल्या सलिमा जिल्हा रुग्णालयात, जिथे डॉक्टरांची रोजची देखरेख नव्हती, उलटं झालं : सीपॅपवर १७ टक्के, साध्या ऑक्सिजनवर ११. तिथली मुलं जास्त जोखमीची होती, काहींना एचआयव्ही, काही कुपोषित. पण तुलना तशाच मुलांशी होती. म्हणून २० खाटांना रात्री एकच सिस्टर असेल, तर आमच्या मते हा सेट अजून घेऊ नये. त्याच पैशांत आधी पल्स ऑक्सिमीटर, त्याचे लहान मुलांचे प्रोब (अंगाला लावायचे सेन्सर) आणि पुरेसा ऑक्सिजन घ्यावा. मनुष्यबळ असेल तर सेटसोबत प्रॉन्ग्ज सगळ्या मापांच्या मागवा, एकाच मापाचा डबा नको.