'बिली' कपाट आणि त्याची शब्दांविना पुस्तिका

आयकिया या स्वीडिश फर्निचर कंपनीचं 'बिली' हे पुस्तकांचं कपाट १९७९ पासून बाजारात आहे, नवी मुंबईत तुर्भ्याच्या दुकानातही मिळतं. हे परीक्षण ८० सेंमी रुंद, २०२ सेंमी उंच नगाचं. जोडणी गिऱ्हाइकानेच करायची, म्हणून सोबतची पुस्तिकाही कपाटाइतकीच तपासायला हवी.

धोक्याच्या सूचना सोडल्या तर पुस्तिकेत शब्द नाहीत. प्रत्येक पायरीला कुठला स्क्रू, किती नग, हे चित्रातच दिलंय. हे जमतं, कारण भागही तसेच घडवलेत: भोकं आधीच पाडलेली, डॉवेल (फळ्या जोडणाऱ्या लाकडी खुंट्या) नेमक्या मापाचे. चित्र काढणारा आणि फळी आखणारा एकमेकांशी बोललेले आहेत, हे जोडताना जाणवतं.

चुका होतात त्या ठरलेल्या जागी. कॅम लॉकवरचा (बोल्टचं डोकं पकडून फिरवल्यावर आवळणाऱ्या गोल चकतीवरचा) बाण बोल्ट आत येतो त्या कडेकडे वळलेला हवा. नाहीतर कॅम बोल्टला धरतच नाही. ड्रिल मशीनने आवळू नका, पार्टिकल बोर्डचा (लाकडाचा चुरा दाबून केलेल्या फळीचा) भुगा होऊन भोक सैल पडतं आणि पुन्हा घट्ट होत नाही. फळीची कच्ची कड मागे जायला हवी. चित्रात हा फरक एका बारीक छटेपुरता दिसतो, तो ठळक असायला हवा होता.

पाठीचा पातळ फळा बसवण्याआधी दोन्ही कर्ण मोजा, सारखे यायला हवेत. कपाट काटकोनात धरून ठेवतो तो हाच फळा. ही गोष्ट चित्रातून कळत नाही. एक मराठी वाक्य पुरलं असतं.

भिंतीला जखडण्याच्या पायरीला मात्र माझे गुण कमी. पट्टी मिळते, पण भिंती निरनिराळ्या म्हणून भिंतीचे स्क्रू देत नाहीत. नेमकं अवघड काम तिथंच गिऱ्हाइकावर येतं. २०१६ मध्ये अमेरिकेत याच कंपनीने ड्रॉवरची सुमारे २ कोटी ९० लाख कपाटं परत मागवली. भिंतीला न जखडल्यास ती कलंडत होती आणि मुलं दगावली होती. जखडण्याची सूचना होतीच. मुळात तोल कच्चा असेल, तर पुस्तिकेतल्या चित्राने तो सावरत नाही.

आपल्याकडच्या विटांच्या भिंतीत रावळ प्लगच्या (स्क्रू धरून ठेवणाऱ्या प्लास्टिकच्या नळीच्या) मापाचंच भोक पाडा, गिलावा ओलांडून विटेत शिरेल एवढं खोल. ८० सेंमीच्या नगात एका फळीवर ३० किलोपेक्षा जास्त भार नको, आणि जड पुस्तकं खालच्या कप्प्यांत.