सोमालिया आणि सोमालीलँड: मोडला एकच, असं का?

सांगलीत मार्केट यार्डात हळदीचे सौदे आटपले की चहावर कुणीतरी म्हणतंच, गरिबीमुळं देश मोडतात. मग हे बघा की. 1991 ला सोमालियाचा हुकूमशहा सियाद बारे पळाला, उत्तरेकडच्या सोमालीलँडनं आपण वेगळे झालो म्हणून जाहीर केलं, गरिबी दोन्हीकडं, कुळाकुळांच्या टोळ्या दोन्हीकडं, पण सोमालियाची राजधानी मोगादिशूत ऐदीद आणि अली महदी हे दोन गटांचे म्होरके खुर्चीसाठी शहराचेच दोन तुकडे करून बसले, दुष्काळात आलेलं मदतीचं धान्यसुद्धा बंदूकवाल्यांनी लुटलं.

सोमालीलँडमध्ये काय भांडणं नव्हती असं नाही, पण 1993 ला तिथल्या बोरामा गावात टोळ्यांची जाणती म्हातारी मंडळी काही महिने बसून बोलली, आणि बर्बेरा बंदरातून शेळ्यामेंढ्या सौदीला जायच्या, त्यामुळं शांतता व्यापाऱ्यांनाच हवी होती, सरकारला उसने पैसेही त्यांनीच दिले. बाहेरची मदत तिथं कमी आली, मला तर वाटतं बरंच झालं, लुटायला काही नव्हतं. 2024 ला तिथं विरोधी उमेदवार जिंकला आणि सत्ता सरळ बदलली.