‘परतीची गाडी कधीची, काका?’ : गोवा-मालवणच्या स्पीडबोटीत आपली माणसं कुठे फसतात

धक्क्यावरचा पोऱ्या आधी दर सांगत नाही. आधी विचारतो, ‘काका, कुठून आलात?’ जळगाव, भुसावळ, चोपडा, शिरपूर, काहीही सांगा, दुसरा प्रश्न ठरलेला असतो: ‘परतीची गाडी कधीची?’ विचारणं आपुलकीचं वाटतं, म्हणून आपण खुशाल सांगून टाकतो की उद्याची गोवा एक्सप्रेस, मडगावहून. झालं. आज बोट सुटली नाही तर परवा तुम्ही येणार नाही, वाद घालायला थांबणार नाही आणि चार-पाचशे रुपयांसाठी 800 किलोमीटरवरून परत तर मुळीच येणार नाही, हे त्याला एका वाक्यात कळलं. पुढची सगळी फसवणूक या एका माहितीवर चालते.

स्पीडबोट आणि स्नॉर्केलिंगच्या (मास्क लावून, तोंडात नळी धरून पाण्यावर तरंगत खाली पाहण्याच्या) सहलीत कोणी पाकीट मारत नाही. कबूल केलेली गोष्ट थोडी थोडी कमी करत जातात, आणि प्रत्येक वेळी कमी झालेला तुकडा इतका लहान असतो की आपण म्हणतो, ‘जाऊ द्या भो, फिरायला आलो ना.’

पैसे कसे वाढतात ते आधी पाहू. दर हंगामाप्रमाणे बदलतात, म्हणून हे आकडे उदाहरणापुरते धरा. फलकावर लिहिलंय माणशी 999, त्यात डॉल्फिन, स्नॉर्केलिंग, जेवण, सगळं. टेम्पो ट्रॅव्हलर करून आलेले 12 जण, म्हणजे 11,988. धक्क्यावर पोचलात की ‘जॅकेट-मास्कचे’ माणशी 150, म्हणजे 1,800. ‘धक्क्याचे’ माणशी 50, म्हणजे 600. बोट नांगरल्यावर कळतं की पाण्यात धरून नेणाऱ्या पोराचे माणशी 300 वेगळे: 3,600. शेवटी व्हिडिओ, जोडीला 500, सहा जोड्यांचे 3,000. बेरीज 20,988. फलकावरचे 999 माणशी 1,749 झाले. यातले 300 रुपये भर समुद्रात मागितले जातात हे लक्षात घ्या. तिथे ‘नको’ म्हणणाऱ्याने बोट नांगरलेली असेपर्यंत फळीवर बसून इतरांना पोहताना पाहायचं असतं.

पैशांपेक्षा मोठी कात्री वेळेला लागते. ‘सहा तासांची सहल’ हॉटेलच्या दारापासून मोजतात. आठला गाडी येते, नऊला धक्का, आणि बोट भरेपर्यंत थांबणं. विकणाऱ्याची स्वतःची बोट नसतेच. हॉटेलचा पोऱ्या, टॅक्सीवाला, किनाऱ्यावरची टपरी हे सगळे दलाल, आणि चार-पाच दलालांची गिऱ्हाइकं एकाच बोटीत कोंबली की मगच नांगर उचलतो. वाटेत डॉल्फिन: लांबवर पाठीवरचा एक पर दिसला न दिसला की ‘झालं डॉल्फिन’. मग गोव्याच्या किनाऱ्याजवळच्या ग्रँड आयलंड या बेटाच्या आडोशाला बोट नांगरते, चाळीस मिनिटं. बोटीत तीस माणसं, मास्क सहा. पाच पाळ्या, एका पाळीला आठ मिनिटं. त्यातली चार मास्कचा पट्टा ओढण्यात आणि ‘नाकानं नाही, तोंडानं’ हे सांगण्यात जातात. पाण्याखाली डोळे उघडून उरतात ती चार मिनिटं. तेवढ्यात एक पोऱ्या तुमच्या जॅकेटची कॉलर धरून टायरच्या ट्यूबभोवती फिरवून आणतो. खाली पाव टाकला की पट्टेरी मासे धावतात, कॅमेरा चालू होतो, बंद होतो.

म्हणून ‘किती तासांची ट्रिप?’ हा प्रश्न उपयोगाचा नाही. विचारायचं ते असं: पाण्यात माणशी किती मिनिटं, आणि बोटीवर मास्क किती? या दोन आकड्यांवर जो घुटमळतो त्याच्याकडे देण्यासारखं काही नाही.

‘स्पीडबोट’ या शब्दातही गोम आहे. छायाचित्रात पांढरी, टोकदार, गादीच्या सीटांची बोट असते. धक्क्यावर निघते फायबरची मासेमारीची होडी, मागे एक आउटबोर्ड इंजिन आणि बसायला आडव्या फळ्या. ती वाईट असते असं नाही. दर मात्र स्पीडबोटीचा लागलेला असतो. उलट खरी स्पीडबोट मिळाली तर वेगळी काळजी घ्यावी लागते. लाटेवर बोट उडते ती नाकाकडून, आणि पुढे बसलेल्याचा मणका प्रत्येक आदळण्याला मार खातो. दलाल पुढची जागा ‘व्ह्यू मस्त’ म्हणून मोठ्या माणसाला मानाने देतो. कंबरदुखी, स्लिप डिस्क, गरोदरपण असेल तर बसूच नये. बाकी वयस्कांनी मागे, इंजिनाच्या पुढच्या फळीवर, धरायला दांडी असेल तिथे बसावं. सकाळी समुद्र शांत असतो. दुपारी खारा वारा सुटला की लाटा उठतात, म्हणून ‘दोनच्या बोटीला सवलत’ फुकट मिळत नाही. आदल्या रात्री तेलाची शेवभाजी हाणून सकाळी बोटीत बसणाऱ्याचं काय होतं ते सोबतच्यांना विचारा. उलटी होणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारून गोळी निघण्याआधी अर्धा-एक तास घ्यावी, बोट हलायला लागल्यावर नव्हे.

आता पाणी. जाहिरातीतलं निळंशार पाणी बहुतेक वेळा अंदमानचं किंवा थायलंडचं असतं. गोव्यात मांडवी आणि जुवारी गाळ आणतात, मालवणात देवबागजवळ कर्ली नदी समुद्राला मिळते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात त्यातल्या त्यात नितळ दिसतं, तेही उधाण नसताना. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाणाची भरती, पाण्याला ओढ जास्त आणि गाळ ढवळलेला. अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती, पाणी त्या मानाने निवांत. आपल्याकडे समुद्र नसला तरी तिथी छापलेली दिनदर्शिका घरोघर भिंतीवर आहे. तिकीट काढण्याआधी तिच्याकडे एकदा पाहा. पावसाळ्यात प्रवासी होड्या आणि जलक्रीडा बंद असतात. तेव्हाही जुलैची तारीख देऊन आगाऊ रक्कम मागणारा सापडला तर त्याच्याकडे बोटच नाही असं समजा.

मालवणात सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरात स्नॉर्केलिंग चालतं. तिथे किनाऱ्यापासून अंतर कमी, त्यामुळे बोटीचा वेळ वाचतो. पण तिथेही ‘स्नॉर्केलिंग’ आणि ‘स्कूबा’ या शब्दांची अदलाबदल करून विकतात. स्नॉर्केलिंग म्हणजे पृष्ठभागावर तरंगत नळीतून हवा घेणं. स्कूबा म्हणजे पाठीवर हवेची टाकी. टाकीचा दर लावून नळीवर बोळवण होते. कधी उलटंही होतं: दम्याच्या किंवा रक्तदाबाच्या माणसाकडून न वाचता कागदावर सही घेऊन टाकी लावतात. सही कशावर करताय ते वाचा.

सामान तपासायला पाच मिनिटं पुरतात, आणि ती धक्क्यावर, पैसे द्यायच्या आधी. पट्टा मागे न घेता मास्क नुसता चेहऱ्यावर टेकवा, नाकाने हवा आत ओढा आणि हात सोडा. मास्क चिकटून राहिला तर बसतो, पडला तर गळणार. आपल्याकडच्या झुपकेदार मिशीतून हमखास पाणी शिरतं. नाकाखालची पट्टी बारीक केली, थोडं व्हॅसलिन लावलं की काम होतं. आतल्या काचेवर थुंकी चोळून विसळली तर वाफ धरत नाही. किळस वाटली तरी उपाय हाच. नळीला तोंडात धरायचा रबर दाताने कुरतडलेला असेल तर दुसरी मागा. नळीत पाणी शिरलं तर ‘तू’ म्हणतो तशी जोरात फुंकर मारायची. हे कमरेइतक्या पाण्यात दोनदा करून पाहायला मिळालं पाहिजे. थेट खोल पाण्यात उतरवतात ते वेळ वाचवण्यासाठी.

विहिरीत किंवा तापीत पोहणारे इथे जास्त गोंधळतात, हे ऐकून नवल वाटेल. त्यांना डोकं वर काढून नाकाने श्वास घेण्याची सवय. मास्कने नाक बंद झालं की छाती भरून येते, हात-पाय झाडतात, मास्क ओरबाडून काढतात. मग ‘काकांना जमत नाही’ म्हणून त्यांची पाळी दोन मिनिटांत संपते, पैसे पूर्ण. घरीच मास्क आणि नळी लावून बादलीत तोंड घालून तोंडाने श्वास घेण्याचा सराव केला तरी फरक पडतो.

जॅकेटबद्दल मात्र हसण्यावारी नेऊ नका. 24 मे 2022 रोजी तारकर्लीजवळ पर्यटकांची बोट उलटून दोघांचा जीव गेला. 25 डिसेंबर 2024 रोजी कळंगुटला बोट उलटली, तिथेही एक जण दगावला. जॅकेट घालून सगळे बक्कल लावा आणि सोबतच्याला खांद्यापाशी धरून वर ओढायला सांगा. जॅकेट हनुवटीच्या वर सरकलं तर ते पाण्यात तुम्हाला सोडून एकटंच तरंगेल. फोम दाबल्यावर कुरकुरीत, चुरा झाल्यासारखा लागला किंवा शिवण उसवून पाणी निथळत असेल तर ते नुसतं नारंगी कापड आहे. लहान मुलाला मोठ्याचं जॅकेट दोरीने आवळून देतात, ते चालवून घेऊ नका. बोटीच्या कडेला नोंदणी क्रमांक आणि प्रवासी क्षमता रंगवलेली असते का पाहा, माणसं मोजा. पाण्यात कोणी असताना इंजिन पूर्ण बंद हवं. ‘जरा बोट सरळ करतो’ म्हणून पंखा फिरवणाऱ्या तांडेलाला, म्हणजे बोट चालवणाऱ्याला, तिथेच ओरडून थांबवा. वर चढायला शिडी आहे का हेही बघा, नाहीतर साठीच्या बाईला दोन खलाशी दंडाला धरून मासळीच्या जाळ्यासारखं वर ओढतात.

व्हिडिओची युक्ती जुनीच. ‘संध्याकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर टाकतो’ म्हणतात. येतं ते कोणाचं तरी नितळ पाणी आणि शेवटी तुमचा तीन सेकंदांचा चेहरा. पैसे द्यायच्या आधी कॅमेऱ्याच्या पडद्यावर पाहा, मास्कचा रंग आणि हातातली अंगठी जुळते का ते बघा, आणि फाइल तिथेच मोबाइलमध्ये घ्या.

पैसे देण्याची रीत बदलली की निम्मे प्रकार बंद होतात. आगाऊ रक्कम थोडी, उरलेली बोट डोळ्यांनी पाहिल्यावर. पावतीवर बोटीचं नाव आणि नोंदणी क्रमांक, धक्क्याचं नाव, सुटण्याची वेळ, बोटीत किती माणसं, माणशी मास्क, पाण्यातली मिनिटं, आणि हवामानामुळे रद्द झाल्यास किती दिवसांत किती परत, एवढं लिहून घ्या. ‘एवढं कोण लिहितं साहेब?’ असं उत्तर आलं तर त्याच ओळी तुम्ही व्हॉट्सअ‍ॅपवर टाइप करून पाठवा आणि ‘हो’ असं उत्तर आल्यावरच पैसे सोडा. क्यूआरवर पैसे देताना नाव वाचा. टपरीचं नाव एक आणि खात्यावर भलत्याच माणसाचं नाव असेल तर थांबा. यूपीआयच्या शेऱ्यात तारीख आणि माणसं लिहा. आणि परतीच्या गाडीचं विचारलं तर सांगा, ‘अजून चार दिवस आहोत.’

फेसबुक-इन्स्टाग्रामवरच्या स्वस्त पॅकेजमध्ये तर बोटच नसते. बुकिंग होतं, मग ‘रद्द झालं, रिफंडसाठी हा कोड स्कॅन करून पिन टाका’ असा फोन येतो. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. पिन टाकला की तुमच्याच खात्यातून जातात. तसं झालं तर हॉटेलवर जाऊन विचार करत बसू नका, लगेच सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनला फोन करा. पहिल्या काही तासांत रक्कम गोठवता येण्याची शक्यता असते.

बोट झाली, पण कबूल केलेलं मिळालं नाही, तर प्रकरण ग्राहक तक्रारीचं. आधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915. तिथे भागलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. यासाठी गोव्याला खेपा घालाव्या लागतील असं समजून बहुतेक लोक सोडून देतात, आणि दलालाचा हिशोबही तोच असतो. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रारदार राहतो तिथल्या आयोगाकडे तक्रार करता येते, म्हणजे जळगाव, धुळे, नंदुरबार यांपैकी जो आपला जिल्हा असेल तिथे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, वकील बंधनकारक नाही, मुदत दोन वर्षं. पॅकेज गावातल्या एजंटाकडून घेतलं असेल तर त्यालाही सामनेवाला करा. त्याचं दुकान तरी आपल्या रस्त्यावर आहे.

तक्रारीला लागतं ते सगळं धक्क्यावरच गोळा होतं: फलकाचा फोटो, बोटीच्या क्रमांकाचा फोटो, सहा मास्कचा ढीग आणि समोर बसलेली तीस माणसं एकाच चौकटीत, पाण्यात उतरल्याची आणि वर आल्याची वेळ. पावती मशीनमधून निघालेली गुळगुळीत कागदाची असेल तर तिचा फोटो त्याच मिनिटाला काढा. गाडीच्या डॅशबोर्डवर राहिलेला तो कागद जळगावच्या उन्हात काळा पडतो.