हीलियम-३ की बोरॉन? न्यूट्रॉन डिटेक्टरचं रिझोल्यूशन वाढवायचं तर कोणतं घ्यायचं

नागपुरात एम.एस्सी. फिजिक्स करून डिटेक्टरवर प्रोजेक्ट करायचा विचार करणारे बरेच जण विचारून राहिलेत की पोझिशन रिझोल्यूशन, म्हणजे न्यूट्रॉन नेमका कुठे पडला ते ओळखण्याचा बारकावा, सुधरवायला काय करावं, आणि पहिलं उत्तर बहुतेकांचं असतं की डिटेक्टरमधल्या सिग्नल घेणाऱ्या वायरी अजून जवळ लावू. वायरींनी फार काही होत नाही हो, खरी अडचण गॅसमध्ये आहे.

हीलियम-३ गॅसमध्ये न्यूट्रॉन शोषला गेला की प्रोटॉन आणि ट्रायटॉन (जड हायड्रोजनचं केंद्रक) एकमेकांच्या उलट सुटतात. एकूण ऊर्जा ७६४ केईव्ही (हजार इलेक्ट्रॉन-व्होल्ट), त्यातले ५७३ एकट्या प्रोटॉनकडे, म्हणून या कणांनी गॅसमध्ये सोडलेल्या चार्जचा मध्य न्यूट्रॉनच्या जागेवर न पडता प्रोटॉनकडे सरकतो आणि दर वेळी दिशा वेगळीच. नुसत्या हीलियममध्ये साध्या दाबाला प्रोटॉन कित्येक सेंटीमीटर पळतो, मग वायर अर्ध्या मिलीमीटरवर लावून काय फायदा? म्हणून सोबत सीएफ४ (कार्बन टेट्राफ्लोराइड) किंवा प्रोपेन भरतात, की प्रोटॉन लवकर थांबावा. प्रोपेनमधला हायड्रोजन न्यूट्रॉन विखुरतो, मी तरी सीएफ४च घेईन. पण मिलीमीटरच्या आसपास यायचं तर काही बार दाब लागतो, म्हणजे जाड खिडकी, मजबूत चेंबर, प्रेशर टेस्टिंग, आणि २००९ च्या सुमारास टंचाई झाल्यापासून हीलियम-३ भयंकर महाग.

बोरॉन-१० न्यूट्रॉन शोषून अल्फा आणि लिथियम असे दोन कण उलट दिशांना सोडतो. त्याचा पातळ थर कॅथोडवर (ऋण पत्र्यावर) दिला तर यातला एकच कण गॅसमध्ये येतो, दुसरा उलट्या बाजूला थरातच किंवा मागच्या पत्र्यात थांबतो. गॅस आर्गॉन-सीओ२, साध्या दाबाला, सिलिंडर लावून वाहता ठेवा. आणि मला यातली सगळ्यात आवडणारी गोष्ट ही की ट्रॅक कॅथोडपासूनच सुरू होतो, म्हणजे जो चार्ज रीडआउटला (समोरच्या, सिग्नल नोंदवणाऱ्या पट्ट्यांना, म्हणजे स्ट्रिप्सना) सगळ्यात शेवटी पोचतो तीच न्यूट्रॉनची जागा, त्यामुळे मध्य काढत न बसता प्रत्येक स्ट्रिपवरची वेळ बघायची आणि शेवटची स्ट्रिप घ्यायची. याला मायक्रो-टीपीसी पद्धत म्हणतात, २०१५ मध्ये जीईएमवर (बारीक छिद्रांच्या फॉइलने सिग्नल वाढवणारा गॅस डिटेक्टर) २०० मायक्रॉनपेक्षा चांगलं रिझोल्यूशन यानेच मिळालं. मात्र वेळ नोंदवणारं इलेक्ट्रॉनिक्स पाहिजेच.

कमतरता मोठी आहे, सरळ येणाऱ्या थर्मल (मंद) न्यूट्रॉनसाठी एका थराची एफिशियन्सी, म्हणजे शंभरातले किती पकडले जातात ते, जेमतेम ५ टक्के. थर न्यूट्रॉनच्या वाटेशी ५ अंशाच्या कोनात तिरपा ठेवला तर न्यूट्रॉनला थरात अकरा पट लांब वाट मिळते, एफिशियन्सी चांगलीच वाढते आणि त्या दिशेचं रिझोल्यूशनही सुधरतं, पण बांधणी किचकट होते.

म्हणून बीम कमजोर असेल, प्रत्येक काउंट मोलाचा असेल आणि मिलीमीटर पुरत असेल तर हीलियम-३ घ्या. आपल्याकडच्या लॅबमध्ये स्वतः बांधायचं असेल तर बोरॉनच, कारण नागपुरात रिअॅक्टर बीम नसला तरी अर्धं काम इथे होतं. परवानगीचा अमेरिशियम-२४१ सोर्स (अल्फा कण देणारा किरणोत्सारी तुकडा) घेऊन मायक्रो-टीपीसीचं कोड आधी त्यावर तपासा, फक्त त्याचा अल्फा ५.४८ एमईव्हीचा असतो आणि बोरॉनचा १.४७, तेव्हा पातळ मायलरचे (प्लॅस्टिक फिल्मचे) पदर ठेवून ऊर्जा खाली आणा, आणि मगच ट्रॉम्बेला ध्रुव रिअॅक्टरवर बीमटाइमसाठी अर्ज टाका.