लोगोतला रंगउतार: लिनियर की मेश?

सपाट लोगो पक्का झाला आहे, शिक्क्यासाठी आणि भरतकामासाठी एकरंगी प्रत तयार आहे आणि आता त्यावर ग्रेडियंट, म्हणजे एका रंगातून दुसऱ्यात हळूहळू जाणारा उतार, चढवायचा आहे, असं धरून चालतो. इलस्ट्रेटर या आकार आखायच्या सॉफ्टवेअरमध्ये इथे दोन वाटा फुटतात. एक दोन-तीन स्टॉपच्या (उतारावर नेमलेल्या रंगांच्या) साध्या लिनियरची (सरळ रेषेत उतरणाऱ्या) किंवा रेडियलची (केंद्रातून पसरणाऱ्या). दुसरी मेशची, म्हणजे आकारावर रेषांची जाळी टाकून तिच्या बिंदूंना रंग देण्याची, किंवा इलस्ट्रेटर सीसी २०१९पासून आलेल्या फ्रीफॉर्मची.

दिसण्यात मेशची बाजू भक्कम आहे. मिरची, थेंब, मोदक अशा फुगीर आकारावर उजेड वळत गेलेला दाखवायचा तर लिनियर उघडा पडतो, कारण त्याला दिशा एकच. मेशला उभ्या दोन आणि आडव्या दोन रेषा पुरतात. त्याहून जास्त टाकल्या की रंगाचे डाग पडायला लागतात आणि दोषी बिंदू कुठला ते सापडत नाही. फ्रीफॉर्म तर आणखी सोपा: बिंदू ठेवा, रंग द्या, पसरण्याचं वर्तुळ ओढा. ग्राहकाला मोबाइलवर दोन्ही दाखवले तर तो लिनियर सोडून हाच मऊ उतार निवडणार, हे मान्य.

माझा कौल मात्र लिनियरला; तो फाइल दुसऱ्याच्या हाती गेल्यावर तिचं काय होतं, यावर ठरला. इंदुरात लोगो कशातही बनवा, फ्लेक्स, पाटी आणि पत्रिका बहुधा कोरल (कोरलड्रॉ) या दुसऱ्या सॉफ्टवेअरमधूनच निघतात. काउंटरवरचा पहिला प्रश्न ठरलेला: ‘भिया, सीडीआर है क्या?’ म्हणजे कोरलची फाइल. मेश तिथे धड पोचत नाही. कधी त्याचे शेकडो तुकडे होतात, बहुतेक वेळा तो सरळ बिटमॅप, म्हणजे पिक्सेलचं चित्र, होऊन बसतो. वेबसाठीच्या एसव्हीजी या व्हेक्टर (कितीही ताणली तरी न फाटणाऱ्या आकारांच्या) फाइलमध्येही तेच. ब्राउझरना मेश कळत नाही, म्हणून इलस्ट्रेटर त्या भागाचं चित्र करून फाइलच्या आत चिकटवतो. नाव एसव्हीजीच राहतं, त्यामुळे कुणाच्या लक्षात येत नाही. ती एसव्हीजी पुन्हा इलस्ट्रेटरमध्ये उघडून कंट्रोल-वाय दाबा, म्हणजे फक्त बाह्यरेषा दिसतील. आकाराच्या जागी नुसता चौकोन दिसला तर आत चित्र आहे.

हे चित्र किती बारीक, ते डॉक्युमेंट रास्टर इफेक्ट्स या सेटिंगच्या आकड्यावर ठरतं. प्रिंटच्या फाइलला तो इंचाला ३०० पिक्सेल असतो, वेबच्या फाइलला ७२. चांगला ३०० धरला तरी २ इंचांच्या लोगोत ६०० पिक्सेल झाले. तोच लोगो दुकानावरच्या १० फुटी पाटीवर, म्हणजे १२० इंचांवर ताणला की इंचाला ५ पिक्सेल उरतात. मग व्हेक्टरमध्ये काम केलं कशाला?

लिनियर पीडीएफमधून कोरलमध्ये गेला तर बहुधा फाउंटन फिल (कोरलचा ग्रेडियंट) म्हणून उघडतो. ऑपरेटर एफ-११ दाबून रंग बदलू शकतो. अट एकच: स्टॉपची ओपॅसिटी कमी करून उतार काढू नका. पारदर्शकता आली की पुन्हा बिटमॅपची शक्यता. मागे पांढरा असेल तर शेवटचा स्टॉप खराखुरा फिका रंगच ठेवा.

लिनियरचेही त्रास आहेत. निळ्यातून पिवळ्यात गेलात तर मध्ये राख दिसते. आरजीबीत (पडद्याच्या लाल-हिरवा-निळा आकड्यांत) ०-०-२५५ आणि २५५-२५५-० यांचा मध्य १२८-१२८-१२८, म्हणजे शुद्ध करडाच. मध्यावर हिरवा किंवा गुलाबी तिसरा स्टॉप टाकला की राख जाते. सीएमवायकेत (छपाईच्या सायन, मॅजेंटा, यलो आणि के म्हणजे काळा या शायांत) लालातून काळ्यात जाताना काळ्या टोकाला नुसता के १०० ठेवला तर मधला भाग मेल्यासारखा दिसतो. एम १०० वाय १०० टोकापर्यंत कायम ठेवून फक्त के वाढवा.

देवनागरी नावाला आणखी एक खोच आहे. अक्षरांच्या आउटलाइन्स (टाइप न करता येणारे आकार) केल्या की प्रत्येक अक्षर सुटं होतं, ग्रेडियंट प्रत्येकात नव्याने सुरू होतो आणि शिरोरेषेवर पायऱ्या दिसतात. आधी पाथफाइंडरमधून युनाइट (आकार जोडून एक करणं), मग सगळ्या शब्दांसाठी मिळून कंट्रोल-८ने कंपाउंड पाथ, आणि मग ग्रेडियंट. कोरलमध्ये हेच वेल्डने करा. तिथे कम्बाइन वापरलं तर अक्षरं जिथे एकमेकांवर येतात तिथे भोकं पडतात.

आणि फुगीर मोदक? त्याच्या पाकळ्या वेगळ्या कापायच्या, प्रत्येकीला स्वतःच्या कोनाचा लिनियर द्यायचा आणि खालची पाकळी वरचीच्या पोटात अर्धा मिलिमीटर सरकवायची, म्हणजे सांध्यात पांढरी रेघ दिसत नाही. मेशइतका मऊ होत नाही, पण लांबून फरक कळतो असं मला वाटत नाही.

उतारात पट्टे पडण्याचा दोष लिनियर आणि मेश दोघांत सारखाच. आठ बिटांत एका रंगाच्या २५६ पायऱ्या. सायन १०० वरून ९० वर आणलात तर वाट्याला जेमतेम २६ येतात आणि १० फुटी पाटीवर एकेक पट्टा साडेचार इंचांचा होतो. मागून दिवा असलेल्या ग्लो साइनवर ते दिसू शकतात. उतार १०० ते ६० करा, पट्टा सव्वा इंचाच्या आत येईल.

नमकीनच्या कागदी पिशव्या फ्लेक्सोवर, म्हणजे मऊ रबरी प्लेटच्या छपाईवर, छापणार असाल तर उतार शून्यावर नेऊ नका. दोन-तीन टक्क्यांचा ठिपका त्या प्लेटवर नीट धरत नाही आणि रंग संपतो तिथे ठळक कड उमटते. आकाराच्या काठापर्यंत पाचेक टक्के राहू द्या. पुठ्ठ्याच्या खोक्यावर तर सपाट प्रतच बरी.

ब्लेंड (दोन आकारांमध्ये रंग बदलत जाणाऱ्या पायऱ्या भरणं) हा तिसरा मार्ग काही जण सुचवतात. एक्सपांड केल्यावर, म्हणजे त्या पायऱ्या सुट्या केल्यावर, शेकडो पट्ट्या, त्यांच्यामधून डोकावणाऱ्या केसासारख्या रेघा आणि संथ झालेलं कोरल. सोडून द्या.

नुसता अ‍ॅपचा आयकॉन हवा असेल तर अखेरीस ठरावीक पिक्सेलची पीएनजीच द्यायची असते. तिथे मेश खुशाल वापरा. फक्त तो वेगळ्या लेयरवर ठेवा आणि पाटीवाल्याच्या फाइलमधून तो लेयर काढून टाका.