जॉर्ज मायकल: आधी ‘फेथ’ की ‘लिसन विदाउट प्रेज्युडिस’?

‘व्हॅम!’ या ऐंशीच्या दशकातल्या ब्रिटिश पॉप जोडीतला गायक जॉर्ज मायकल आवडला, आता त्याचं एकट्याचं ऐकायचंय, पण सुरुवात कुठून करू, असं एकाने विचारलं. जाहिरातीतली विशेषणं बाजूला ठेवून त्याचे पहिले दोन अल्बम बघू.

पहिल्याच ऐकण्यात पकडतो तो ‘फेथ’ (१९८७). सुरुवातीला चर्चमधल्यासारख्या ऑर्गनवर ‘व्हॅम!’च्याच ‘फ्रीडम’ची धून वाजते आणि मग गिटार घुसते. जुन्या घराला असा खट्याळ रामराम क्वचितच कुणी ठोकला असेल. यातली चार गाणी अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेली.

टिकाऊपणात मात्र माझं मत फिरतं. ‘फेथ’मधले काही यांत्रिक ताल आज थेट ऐंशीच्या दशकाचा शिक्का घेऊन येतात. ‘लिसन विदाउट प्रेज्युडिस’, थोडक्यात ‘लिसन’ (१९९०), पियानो, साध्या गिटारी आणि गळ्यावर उभा आहे, म्हणून कमी जुना वाटतो. मुखपृष्ठावर त्याने स्वतःचा चेहराही दिला नाही. त्यातल्या ‘फ्रीडम! ९०’ या गाण्याच्या व्हिडिओत तो नाहीच. सुपरमॉडेल्स ओठ हलवतात आणि ‘फेथ’च्या काळातलं लेदर जॅकेट जळतं! पुढे तो सोनी या आपल्याच रेकॉर्ड कंपनीविरुद्ध कोर्टात गेला आणि १९९४ मध्ये हरला.

मेहनत? ‘लिसन’ला शब्दांकडे लक्ष द्यावं लागतं, चालही संथ. कामं करता करता ऐकायला तो नाही.

नाचायला, प्रवासाला किंवा ‘व्हॅम!’हून थेट येणाऱ्याला ‘फेथ’. रात्री हेडफोन लावून गीतं ऐकणाऱ्याने ‘लिसन’पासूनच सुरुवात करावी.