दरवाजा पाच स्टार, बसवणारे अडीच

मालवण तालुक्यातल्या आमच्या पतसंस्थेने सोनेतारणासाठी स्ट्राँगरूम बांधून घेतली, त्याला दोन पावसाळे झाले. मी संस्थेचा सचिव. त्याआधी उपकोषागारात होतो. मुद्रांकांचे गठ्ठे, दहावी-बारावीच्या प्रश्नपत्रिकांच्या सीलबंद पेट्या, सगळं डबल लॉकमध्ये. एक किल्ली साहेबांकडे, दुसरी रोखपालाकडे, दोघं आल्याशिवाय दार हलत नसे. त्यामुळे संचालकांनी हे काम माझ्याच गळ्यात घातलं.

दरवाजा घाटावरच्या एका कंपनीचा. आयएस १११८८ चा, म्हणजे स्ट्राँगरूमच्या दरवाजांच्या भारतीय मानकाचा, शिक्का बघूनच घेतला. फोंडाघाट उतरून टेम्पोतून आला आणि चेनपुली लावून आत घ्यायला अख्खा दिवस गेला. त्याबद्दल तक्रार नाही. बिजागऱ्यांवर इतका हलका फिरतो की आमची लिपिक एका हाताने लोटते. आत रिलॉकर आहे, म्हणजे कुणी कुलूप ठोकून आत ढकललं, तर वेगळे बोल्ट आपोआप अडकतात आणि दार आणखीच पक्कं होतं. मेकॅनिकने ते उघडून दाखवलं तेव्हा संचालक मंडळ लहान मुलांसारखं वाकून बघत होतं.

घोटाळा झाला तो भिंतीत. आमची इमारत जुनी, चिऱ्याची, म्हणजे जांभ्या दगडाची. कंपनीचा माणूस मापं घेऊन म्हणाला, भिंत जाड आहे, फक्त चौकट बसवू. आमचा गवंडी बाजूला विडी ओढत होता. म्हणाला, "साहेबांनू, दरवाजो लोखंडाचो, भिंत चिऱ्याची. चोर दरवाजातसून कित्याक येतलो?" जांभा खाणीतून काढताना हत्याराने तासला जातो, हे इथल्या पोराला ठाऊक. मग आतून बारा इंची काँक्रीटची पेटीच ओतली. खाली, वर, चारी बाजूंनी, सळयांच्या दोन जाळ्या, आतल्या जाळीच्या सळया बाहेरच्या जाळीच्या फटींसमोर येतील अशा. खर्च अंदाजापेक्षा बराच वाढला. कंपनीने हे आधी सांगायला हवं होतं.

दुसरं, वायुवीजनाचं भोक. कंपनीच्या नकाशात बारा इंच बाय बारा इंच, वर नुसती जाळी. माझा भाचा अशा कामांच्या क्षेत्रात आहे, त्याने अमेरिकन सरकारच्या गोपनीय खोल्यांची नियमावली दाखवली. तिथे ९६ चौरस इंचांपेक्षा मोठ्या झरोक्यात अर्धा इंची गज, सहा-सहा इंचांवर उभे-आडवे, वेल्डिंग करून बसवतात. आमचं भोक १४४ चौरस इंच! मी हा आकडा सांगितल्यावर कंपनीचा इंजिनियर म्हणाला, "काका, ते मिलिटरीवाल्यांचं." मी म्हटलं, सोनं काय मिलिटरीला विचारून चोरीला जातं? गज बसले, पण वेल्डर आम्हीच आणला. निवडणुकीच्या मतदानयंत्रांच्या खोलीला एकच दार ठेवून बाकीच्या वाटा बंद करतात, तिथे ड्युटी केलेल्या माणसाला झरोका म्हणजे दुसरं दारच दिसतं.

आता पावसाळा. किनाऱ्यावर चोराच्या आधी दमट हवा आत शिरते. पहिल्या जुलैत किल्लीच्या भोकाभोवती तांबूस कडं आलं आणि कुलूप जड फिरायला लागलं. रोखपालाने चांगल्या मनाने खोबरेल सोडलं. तेच चुकलं. तेलाला धूळ चिकटून आतला चिखल झाला. कंपनीला फोन केला, माणूस तब्बल तेवीस दिवसांनी आला, मोकळं करून ग्राफाईटची पूड घातली आणि तेल कधीच नको म्हणाला. ही गोष्ट बसवतानाच सांगायला किती वेळ लागला असता?

गहाणखतांवर बुरशी धरली म्हणून आर्द्रता शोषणारं यंत्र आत ठेवलं. त्याचं पाणी काढायला पाइपचं भोक पाडू म्हणत होते. मी नको म्हटलं. सकाळी दोन्ही किल्ल्या लागल्या की शिपाई पहिल्यांदा त्याची बादली ओततो, मग बाकीचं काम. किल्ल्यांची दुसरी जोडी तालुक्याच्या बँकेत सेफ कस्टडीत आहे.

दरवाजा घ्यायचा तर जरूर घ्या. भिंतीसाठी मात्र आमच्या गवंड्याला विचारा, नंबर संस्थेत मिळेल. फक्त गणपतीच्या आधीचे पंधरा दिवस सोडून, तेव्हा तो फोन उचलत नाही.